दुखापतीनंतर मॅरेथॉनची तयारी: नाशिकच्या धावपटूंचे नेहमीचे प्रश्न

मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. त्यामुळे नाशिकमध्ये ऑगस्टपासून गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर गर्दी वाढते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात फिजिओकडे. खालचे प्रश्न या दुसऱ्या गर्दीचे आहेत. ही उत्तरं तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत. नेमकं काय दुखतंय हे एकदा डॉक्टरांकडून कळलं की पुढे काय करायचं, त्यासाठी ती आहेत.

दुखणं थांबलंय. उद्यापासून पळू का?

दुखणं थांबलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. सुट्टीनंतर शरीराचे सगळे भाग एका वेगाने परत येत नाहीत. दम तीन-चार आठवड्यांत बऱ्यापैकी सावरतो. स्नायूंना सहा-आठ आठवडे लागतात. स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा तीन महिने किंवा त्याहून जास्त घेतात, आणि हाडाचंही काम संथच चालतं. म्हणून चौथ्या-पाचव्या आठवड्यात ‘आता काही नाही, दहा किलोमीटर सहज जातील’ असं वाटतं, तेव्हा ते फुप्फुस बोलत असतं, टाच नव्हे. दुखापत उलटते ती याच फसव्या काळात. वेळापत्रक दमावर आखू नका, सगळ्यांत हळू बरा होणारा भाग बघून आखा.

सुरू करण्याआधी घरच्या घरी चार गोष्टी तपासा. ३० मिनिटं झपझप चालल्यावर त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळी काही दुखू नये. भिंतीला बोटं टेकून एका पायावर टाच वर-खाली सलग २० वेळा जमावी, आणि दुखऱ्या पायाचा आकडा चांगल्या पायाच्या जवळपास असावा. जिन्याच्या पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरणं १० वेळा, गुडघा आत न वळता, जमावं. शेवटी एका पायावर जागच्या जागी १० उड्या. हाडाला इजा झाली असेल तर उड्यांची परीक्षा डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच द्या.

पाय भरून आलेत की खरंच दुखापत झाली आहे, हे कसं ओळखायचं?

लांब पळल्यावर दोन्ही मांड्या सारख्याच दुखतात, दुसऱ्या दिवशी जास्त दुखतात, चालल्यावर मोकळ्या होतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी विसरायला होतं. हे भरून येणं. दुखापत सहसा एका बाजूला असते, बोट ठेवून जागा दाखवता येते, आणि ती तुमची पळण्याची ढब बदलते. तुम्ही लंगडत नाही म्हणता, पण मागून पळणाऱ्याला विचारा.

नडगीच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्टा दुखत असेल, वॉर्म-अपनंतर कमी होत असेल, तर बहुधा हाडावरच्या आवरणाला ताण आलेला असतो. पळणं निम्म्यावर आणून, मऊ जमिनीवर जाऊन आणि पोटरीचे व्यायाम करून तो उतरतो. पण दुखरी जागा रुपयाच्या नाण्याएवढी असेल, पळताना दुखणं वाढतच जात असेल आणि रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असल्याचा संशय धरा. अशा वेळी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून लोक परत पळतात आणि तडा वाढवतात. संशय असेल तर एमआरआय हा खरा निवाडा.

तीन ठिकाणी वाट बघायची नाही. जांघेत खोल कळ येऊन पायावर भार देता येत नसेल, तर मांडीच्या हाडाच्या मानेला तडा असू शकतो. तो सरकला तर शस्त्रक्रियेशिवाय मार्ग उरत नाही. पायाच्या वरच्या बाजूला, घोट्यापुढच्या कमानीच्या माथ्यावर बोट लावलं की दुखत असेल, तर तिथलं हाड रक्तपुरवठा कमी असल्याने फार हळू भरतं. आणि एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, विशेषतः प्लास्टर किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर ती लचक समजून चोळत बसू नका. रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सुरुवात नेमकी कशी करायची?

पळ-चाल पद्धतीने, आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. आधी आणि नंतर पाच-पाच मिनिटं चालायचं.

पहिली पायरी: १ मिनिट पळ, ४ मिनिटं चाल, असं ६ वेळा.
दुसरी: २ पळ, ३ चाल, ६ वेळा.
तिसरी: ३ पळ, २ चाल, ६ वेळा.
चौथी: ४ पळ, १ चाल, ६ वेळा.
पाचवी: १० पळ, १ चाल, ३ वेळा.
सहावी: सलग ३० मिनिटं.

प्रत्येक पायरी किमान दोनदा करा. हाडाची दुखापत होती तर तीन-चारदा. म्हणजे काहीही न बिघडता चार आठवडे, आणि साधारण माणसाला सहा. दुखलं तर एक दिवस जास्त सुट्टी आणि मागची पायरी. वेग असा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. घड्याळावर पेस (किलोमीटरमागे लागणारा वेळ) दिसत असेल तर तो पडदा बदला आणि फक्त वेळ दिसू द्या. इथे घात होतो तो घड्याळाने.

सलग ३० मिनिटं जमली की वाढवण्याचा क्रम पाळा: आधी एकूण वेळ, मग एका रनची लांबी, मग चढ, आणि सगळ्यात शेवटी वेग. आठवड्याला दहा टक्के वाढ हा ठोकताळा आहे, कायदा नव्हे. त्याहून उपयोगी नियम असा की कुठलाही एक रन गेल्या महिनाभरातल्या सर्वांत लांब रनपेक्षा एक-दशांशाहून फार मोठा नसावा. शनिवार बुडाला म्हणून रविवारी १२ ऐवजी १८ पळणं नेमकं हेच मोडतं. दर चौथ्या आठवड्यात एकूण अंतर पाव भागाने खाली आणा.

पळताना थोडं दुखतं. थांबायचं की चालू ठेवायचं?

शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, असा आकडा द्या. तीनपर्यंत चालेल. चार-पाचला चालत घरी या. त्यापुढे गेलं तर त्या आठवड्यात पळणं बंद. पळतानाच्या आकड्यापेक्षा दुसऱ्या सकाळचा जास्त खरा असतो. २४ तासांत दुखणं पळण्याआधीच्या पातळीवर परत आलं पाहिजे. आलं नाही तर कालचा डोस जास्त झाला. ही सवलत कंडरा आणि स्नायूंच्या दुखण्याला आहे. हाडाच्या दुखण्याला तीनसुद्धा चालत नाही.

सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाकलं की टाच भाजल्यासारखी दुखते. काय करू?

तळपायाच्या जाड पडद्याचं हे दुखणं. बाटली तळपायाखाली फिरवून आणि बर्फ लावून तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण तो पडदा भार पेलायला शिकवावा लागतो. पायरीच्या कडेवर उभं राहा, बोटांखाली गुंडाळलेला पंचा ठेवा म्हणजे बोटं वर वळलेली राहतील. ३ सेकंदांत टाच वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली. बारा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. सोपं वाटू लागलं की पाठपिशवीत दोन-तीन पुस्तकं घाला. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, त्याआधी ‘उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. तोवर घरातल्या फरशीवर अनवाणी फिरणं बंद करा. आपल्याकडे हे कुणी करत नाही, आणि टाचेचं दुखणं रेंगाळण्याचं ते एक मोठं कारण आहे. स्वयंपाकघरातल्या वेगळ्या धुतलेल्या चपला ठेवल्या तर कुणाची हरकत नसते.

टाचेच्या मागचा जाड दोर सकाळी आखडतो.

ही अकिलीस कंडरा. पूर्ण विश्रांती दिली तर दुखणं थांबतं, पण कंडरा आणखी अशक्त होते आणि पहिल्याच टेम्पो रनला, म्हणजे वेगात पळण्याच्या सरावाला, परत धरते. दुखरी जागा टाचेपासून चार-पाच सेंटीमीटर वर असेल तर पायरीवर दोन्ही पायांनी वर जायचं आणि दुखऱ्या एका पायाने सावकाश खाली यायचं. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा तीन फेऱ्या, मग गुडघा किंचित वाकवून तेवढंच. दिवसातून दोनदा, बारा आठवडे. जागा अगदी टाचेच्या हाडाला चिकटून असेल तर टाच पायरीच्या खाली जाऊ देऊ नका, जमिनीवरच करा. तिथे खाली ताणलं की कंडरा हाडावर दाबली जाते आणि व्यायामच दुखणं वाढवतो. या जागी जोराने स्ट्रेचिंग करणंही त्याच कारणासाठी नको.

गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं, जिना उतरताना जास्त.

वाटीमागचा दाब वाढलाय. उतारावर पळणं काही आठवडे थांबवा. पांडवलेणीच्या पायऱ्या चढा हवं तर, उतरताना मात्र एक-एक पायरी. पावलं लहान आणि जलद करा: मिनिटाला १६० पडत असतील तर १७० पर्यंत न्या. पाऊल शरीरापुढे दूर पडत नाही, त्यामुळे वाटीवरचा भार कमी होतो. सोबत भिंतीला पाठ लावून अर्धवट बैठक ३० ते ४५ सेकंद पाच वेळा आणि कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं १५ वेळा तीन फेऱ्या. दुखणं गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठरावीक किलोमीटरनंतर सुरीसारखं येत असेल तर ते वेगळं. त्यात दुखणं सुरू होणाऱ्या अंतराच्या आत राहून पळावं आणि रस्त्याची एकच बाजू धरू नये, कारण डांबरी रस्ता कडेला उतरता असतो आणि एक पाय रोज खालच्या पातळीवर पडतो.

पळणं बंद असताना दम कसा राखायचा?

पूर्ण आराम केला तर दहा-बारा दिवसांनंतर दम उतरायला लागतो. आधी रक्तातला द्रव कमी होतो, मग बाकीचं. म्हणून हृदयाला काम देत राहा. सायकल, आठवड्यात तीन-चार दिवस, ४५ ते ६० मिनिटं, हलक्या गिअरवर मिनिटाला ८५-९० फेरे. नाशिकमध्ये सायकलवाल्यांची कमी नाही, सोबत मिळेल. हाडाच्या दुखापतीत खोल पाण्यात पळणं सर्वांत चांगलं: कमरेला तरंगता पट्टा, पाय तळाला न टेकता पळण्याची हालचाल, १० मिनिटं सावकाश, मग १ मिनिट जोरात आणि १ मिनिट हळू असं १२ ते १५ वेळा. महापालिकेच्या सावरकर तलावात किंवा कुठेही, खोल भागात परवानगी विचारून. पाण्यात नाडी जमिनीपेक्षा दहाएक ठोके कमीच दिसते, घाबरू नका.

आजारपण, लग्न, मयत, परीक्षा, काहीतरी होतं आणि आठवडेच्या आठवडे बुडतात. परत कुठून धरायचं?

बुडालेले किलोमीटर वसूल करायचे नसतात. ते गेले. तीन दिवस चुकले तर वेळापत्रक जिथे आहे तिथून धरा. चार ते सात दिवस गेले तर पहिला आठवडा ठरलेल्याच्या ८० टक्के. दोन आठवडे गेले तर दोन-तृतीयांशापासून सुरू करून दोन आठवड्यांत मूळ जागी. महिना गेला तर निम्म्यापासून, आणि त्याहून जास्त झाला तर पळ-चालीच्या चौथ्या पायरीपासून. दुखापतीमुळे बुडाले असतील तर आधी वरच्या चार चाचण्या.

मोठा व्याप येणार हे आधी कळलं असेल, जसं की घरी कुणाची शस्त्रक्रिया आहे, तर ‘किमान आठवडा’ ठरवून ठेवा: ३०-३५ मिनिटांचे दोन रन, त्यातल्या एकात १ मिनिट जलद असं सहा वेळा, आणि जमला तर तासाभराचा एक. अंतर बरंच कमी झालं तरी थोडी तीव्रता टिकवली तर दम कित्येक आठवडे राहतो. दवाखान्यात रात्री जागून पहाटे २५ किलोमीटर पळणं मात्र मूर्खपणा आहे. सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर त्या दिवशी फक्त चाला. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त असेल तर शरीर आधीच ओझं वाहतंय. ते ओझं दुःखाचं आहे की पळण्याचं, हे हाडं आणि कंडरा विचारत नाहीत.

सातपूर-अंबडला पाळ्यांमध्ये काम आहे. लाँग रन कधी करायचा?

रात्रपाळी सुटल्यावर कधीच नाही. थकलेला माणूस पाय ओढतो, आणि सकाळच्या रहदारीत ते धोक्याचंही आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात घरी येऊन झोपा आणि संध्याकाळी ड्युटीआधी ४० मिनिटांचा हलका रन करा. लाँग रन दुसऱ्या, म्हणजे दुपारच्या पाळीच्या आठवड्यात ठेवा, झोप पूर्ण होते आणि सकाळ मोकळी असते. तीन आठवड्यांच्या चक्रात मग एक खरा लाँग रन आणि एक मध्यम बसतो. अशा चक्रात २० आठवड्यांऐवजी २६ धरा.

द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी आणि जानेवारीची शर्यत दोन्ही जमेल?

पूर्ण मॅरेथॉन अवघड. सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी, मग डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, फवारण्या, आणि जानेवारीपासून काढणी. नेमके हेच लांब रनचे महिने. दिवसभर उभं राहून रात्री फवारणी केल्यावर शरीराला सावरायला वेळ उरत नाही, आणि अवकाळीची धास्ती वेगळी. बागाइतदारांनी जून ते ऑगस्टमध्ये तयारी करून पावसाळा सरता सरता होणारी शर्यत धरावी. सातारा हिल हाफ मॅरेथॉन त्याच सुमारास असते, पण ती घाटाची आहे. गुडघा दुखरा असेल तर सपाट शर्यत निवडा.

डेंग्यू होऊन गेला. प्लेटलेट्स नॉर्मल आहेत. सुरू करू?

ताप उतरल्यावर दोन आठवडे फक्त चालणं, मग पळ-चालीच्या पहिल्या पायरीपासून. अशक्तपणा महिनाभर राहू शकतो. चिकुनगुन्या असेल तर सांधे कित्येक महिने सुजू शकतात. सुजलेल्या सांध्यावर पळू नका, सायकल चालवा. कुठल्याही तापात, अंगदुखीत किंवा छातीतल्या खोकल्यात पळणं बंद म्हणजे बंद. विषाणूचा हृदयाच्या स्नायूला त्रास होऊ शकतो, आणि आजारपणातल्या व्यायामाने तो धोका वाढतो. नुसतं नाक गळत असेल तर हलकं चालेल. बरं झाल्यावर पळताना छातीत धडधड, चक्कर किंवा नेहमीपेक्षा खूप धाप लागली तर ईसीजी आणि टूडी इको करून घ्या.

तयारी चालू असताना वणीच्या सप्तशृंगीची पदयात्रा किंवा ब्रह्मगिरीची फेरी करावी का?

श्रद्धेचा प्रश्न तुमचा, हिशोबाचा आमचा. नाशिक ते सप्तशृंगी गड साधारण ६० किलोमीटर आहे, आणि ते चालत केले तरी पायांवर भारच आहे. त्या आठवड्याचे सगळे रन काढून टाका आणि पुढचा आठवडा निम्मा ठेवा. श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी पुष्कळ जण रात्रभर अनवाणी करतात. टाचेचं दुखणं नुकतंच बरं झालं असेल तर यंदा पायात काहीतरी घाला. फोड आल्यावर लोक पाऊल वाकडं टाकतात आणि दुखणं तिथून गुडघ्यात चढतं.

नवरात्राचे नऊ उपवास तयारीच्या ऐन मध्यात येतात. साबुदाणा, रताळं, बटाटा, केळी यांनी कर्बोदकं पुरतात. कमी पडतं ते प्रथिन. दूध, दही, पनीर, शेंगदाणे, राजगिरा वाढवा. निर्जळी उपवास असेल त्या दिवशी रन नाही.

नाशिकमध्ये दुखापतीनंतर पळायला कुठली जागा बरी?

पळ-चालीच्या काळात गोल्फ क्लबचा, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाचा, मातीचा ट्रॅक. मऊ आहे, आणि दुखलं तर घर लांब राहत नाही. मात्र एकाच दिशेने फेऱ्या मारू नका, अर्ध्या वेळाने उलट फिरा. काँक्रीटचे रस्ते सर्वांत कडक, शेवटी ठेवा. गंगापूर रोडने धरणाच्या दिशेला लांब रन चांगले होतात, पण सकाळी सातनंतर, त्यातही शनिवार-रविवारी, गाड्या फार. उजव्या बाजूने, समोरच्या गाड्या दिसतील असं पळा. त्र्यंबक रोड त्र्यंबकच्या दिशेने चढत जातो. जाताना दम लागतो, पण गुडघ्याला त्रास येताना होतो.

गोदा पार्क पावसाळ्यात विसरा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की काठ आधी बुडतो, आणि पूर ओसरल्यावर गाळ आणि शेवाळ राहतं. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलंय ऐकलं की रन दुसरीकडे न्या.

रनच्या आधी पेनकिलर घेतली तर?

नको. दुखणं झाकलं जातं, आणि तीन तास घाम गाळताना आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. शर्यतीच्या दिवशी तर मुळीच नाही. गोळीशिवाय जो रन होत नाही तो करायचाच नाही. अकिलीसजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन शर्यत काढायचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा, कंडरा तुटण्याचा धोका असतो.

महागडे बूट, नी-कॅप, की अनवाणी?

आरामदायी वाटतील ते बूट घ्या, अंगठ्यापुढे बोटभर जागा असू द्या, आणि ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बदला. नी-कॅपने धीर येतो, ताकद येत नाही. अनवाणीचा विषय निघाला की ‘सावरपाडा एक्सप्रेस’ कविता राऊत यांचं नाव निघतं. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवणाऱ्या या धावपटूची सुरुवात अनवाणी झाली, हे खरं. पण त्यांचे पाय लहानपणापासून डोंगरवाटांवर घडले होते. चाळिशीत, दहा वर्षं खुर्चीत बसलेल्या पायांनी तो प्रयोग पोटरीवर करू नये.

लांब रनमध्ये काय खायचं-प्यायचं?

दीड तासाच्या पुढे ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम मनुकांत २३-२४. मनुका आपल्याकडे घरच्या मिळतात, पण आधी सरावात खाऊन बघा, काहींचं पोट बिघडतं. घरचं पेय: १ लिटर पाणी, साडेचार मोठे चमचे साखर, पाव छोटा चमचा मीठ, अर्धं लिंबू. पाणी तहानेप्रमाणे. रनआधी आणि नंतर वजन करा, वजन वाढलं असेल तर तुम्ही जास्त पाणी पीत आहात. नुसतं साधं पाणी लिटर-लिटर पिण्याने रक्तातला सोडियम उतरतो आणि माणूस कोसळतो.

दुखापत भरताना खाणं कमी करू नका. ‘पळत नाही तर वजन वाढेल’ या भीतीने लोक जेवण तोडतात, आणि हाड उपाशी राहतं. रोज दर किलो वजनामागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिन. ६० किलोच्या माणसाला ९० ग्रॅम, नुसत्या वरण-भाताने ते होत नाही. कोरडे सोया चंक्स ५० ग्रॅम घेतले तर २६ मिळतात, १०० ग्रॅम पनीरमधून १८, अंड्यामागे ६.

बायकांनी वेगळं काय लक्षात ठेवायचं?

पाळी सलग तीन महिने आली नाही तर ‘पळण्याने असं होतंच’ म्हणून सोडू नका. खाणं कमी आणि पळणं जास्त झाल्याची ती खूण आहे, आणि त्या मागोमाग हाडांना तडे येतात. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व तपासा. हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. बाळंतपणानंतर पळणं १२ आठवड्यांच्या आधी नाही, सिझेरियन असेल तर आणखी थांबा. पळताना लघवी गळणं किंवा खाली जड वाटणं हे ‘आता असंच’ म्हणून सहन करायचं नसतं. ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम शिकवणारी फिजिओ गाठा.

पूर्ण मॅरेथॉन धरायची की हाफवर यायचं?

तारखांनी ठरवा, उत्साहाने नव्हे. शर्यतीच्या आठ आठवडे आधी, म्हणजे जानेवारीच्या शर्यतीसाठी नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास, २० ते २२ किलोमीटर दुसऱ्या दिवशी काही न दुखता झाले पाहिजेत. चार आठवडे आधी २८ ते ३०. यातलं एकही चुकलं तर हाफला या, किंवा पुढची शर्यत धरा. लाँग रन ३२ किलोमीटर किंवा साडेतीन तास, जे आधी होईल तिथे थांबवा. शेवटचे तीन आठवडे नेहमीच्या अंतराच्या ८०, ६०, ४० टक्के. या काळात नव्या-नव्या ठिकाणी दुखल्याचे भास होतात, बहुतेक दोन दिवसांत जातात.

एक गोष्ट नाशिककर विसरतात. आपण डिसेंबरात १० अंशांच्या कोरड्या थंडीत सराव करतो आणि पळायला जातो दमट मुंबईत. इथला पेस तिथे टिकत नाही. पहिले दहा किलोमीटर ठरवल्यापेक्षा किलोमीटरमागे १० सेकंद हळू जा, शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ बाकी असतो.

शर्यतीत जुनं दुखणं जागं झालं तर?

पाच मिनिटं चाला. आकडा तीनच्या खाली आला तर ४ मिनिटं पळ, १ चाल असं पुढे जा. ढब बदलली, पाय आपोआप वाचवायला लागलात, तर पुढच्या वैद्यकीय केंद्रावर थांबा. जांघेत किंवा नडगीच्या एका बिंदूवर कळ आली तर पाचशे मीटर राहिले असले तरी चालतच जा.

यंदा जमणार नाही. माझा बिब (छातीवरचा नंबर) मित्राला देऊ का?

देऊ नका. बिबच्या मागे रक्तगट आणि घरचा फोन तुमचा असतो. मित्र रस्त्यात पडला तर डॉक्टरांना चुकीच्या माणसाची माहिती मिळेल आणि फोन तुमच्या घरी जाईल. बहुतेक शर्यतींत ते नियमबाह्यही आहे. आयोजकांकडे प्रवेश पुढे ढकलण्याची किंवा हाफमध्ये बदलण्याची सोय आहे का, हे मुदतीच्या आत विचारा. ती मुदत सहसा तुमची दुखापत बरी होण्याच्या आधी संपते.